घाटातल्या जुन्या इंजिनांमध्ये दाद देण्याजोगे नेमके काय होते?

प्रश्न – नाशिकरोडकर
पूर्वी मुंबईहून येणाऱ्या गाड्यांचे इंजिन इगतपुरीला बदलत असे, कारण तेथपर्यंत १५०० व्होल्टचा डीसी प्रवाह होता आणि पुढे भुसावळकडे २५ हजार व्होल्टचा एसी. दोन्ही प्रवाहांवर चालणारी इंजिने आली, नंतर डीसीच गेला आणि प्रवाशांचा वेळ वाचला, हे चांगलेच झाले. तरीही आमच्या रेल्वेप्रेमी गटातील तरुण सभासद विचारतात की, नव्या इंजिनांची ताकद दुपटीहून अधिक असताना जुन्यांची छायाचित्रे जमवून काय साधते? ‘आमच्या लहानपणीची इंजिने’ हे उत्तर मला अपुरे वाटते. यंत्र म्हणून त्यांचे मोल कसे समजावून सांगावे?

उत्तर – थळघाट
सुरुवात घाटापासून करावी. कसारा ते इगतपुरी हा मार्ग १८६५ मध्ये सुरू झाला आणि त्याचा चढ ३७ फुटांना एक फूट इतका तीव्र आहे. तेथील इंजिनाचा आकार या चढानेच ठरवला. डब्ल्यूसीजी-१ हे डीसीवर चालणारे मालगाडीचे इंजिन, म्हणजे आपला ‘खेकडा’, १९२०च्या दशकाच्या अखेरीस आला. त्याचे शरीर तीन भागांत जोडलेले असल्याने ते वळणावर वळू शकत असे, आणि पुढच्या-मागच्या नाकाडांतील, म्हणजे टोकांना पुढे आलेल्या भागांतील, मोटारींची शक्ती दांड्यांच्या साहाय्याने एकमेकांशी बांधलेल्या चाकांपर्यंत पोहोचत असे, त्यामुळे एखादेच चाक घसरून फिरू लागण्याचा धोका कमी होई. उतरताना त्याच मोटारी जनित्राचे काम करून वीज तारेत परत पाठवत आणि ब्रेकची झीज वाचत असे. ज्या पुनरुत्पादक ब्रेकचे आज कौतुक होते, तो या घाटात तेव्हापासून होता! आपल्या तरुण मित्रांना वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात किंवा दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात न्यावे आणि इंजिनाच्या चेहऱ्याआधी त्या दांड्या दाखवाव्यात.

उत्तर – बँकर
वरील विवेचन उत्तम आहे, परंतु आपण सारे ‘खेकड्या’वरच थांबतो, याचे मला वाईट वाटते. त्याच प्रकारची नंतरची डब्ल्यूसीजी-२ दिसायला साधी, चौकोनी पेटी होती, म्हणून तिच्याकडे कॅमेरे फारसे वळले नाहीत. ही ५७ इंजिने १९७०च्या दशकात चित्तरंजनला बांधली गेली आणि त्यांतील अनेकांनी कसाऱ्याला गाडीच्या मागे लागून तिला इगतपुरीपर्यंत ढकलण्यात आयुष्य घालवले. पुढचा आणि मागचा चालक शिट्टीच्या ठरावीक संकेतांनी ताळमेळ राखत, आणि घाटातील कौशल्याचा तो भाग छायाचित्रात कधीच येत नाही. म्हणून ध्वनिमुद्रणेही जपावीत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

उत्तर – नाशिकरोडकर
दोघांचेही आभार. पुढील भेट वरळीची ठरवतो. गटातील ज्येष्ठांकडे जुन्या ध्वनिफिती असतील, तर त्यांवर इंजिनाचा क्रमांक, ठिकाण आणि वर्ष नोंदवण्याचे काम तरुणांकडेच सोपवण्याचा विचार आहे.