[मंडळ-सभासद] फराळाच्या पाकिटांचे फोटो, गुरुवारपर्यंत

मानसी, मंगळवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी,

शनिवारच्या दिवाळी फराळासाठी ज्यांनी तयार पाकिटं घेतली आहेत, त्यांनी ती रिकामी झाली तरी फेकू नका. मागच्या वर्षी हॉलवर चिवडा डब्यात ओतला आणि पिशव्या कचऱ्यात गेल्या. मग अनघाने विचारलं, यात दुधाची पावडर आहे का, तर कुणालाच सांगता येईना. बिचारी तशीच घरी गेली. यंदा नावनोंदणीत ११ जणांनी व्हीगन लिहिलंय, म्हणजे दूध, तूप, मधही न खाणारे. त्यांच्या टेबलावर अंदाजाने ठेवलेली एकही वस्तू मला नको आहे.

प्रत्येक पाकिटाचे दोन फोटो हवेत: बारकोड आणि घटकांची यादी. ‘ओपन फूड फॅक्ट्स’ हे ॲप मोफत आहे, बारकोड दाखवला की पदार्थ व्हीगन आहे की नाही ते सांगतं. पण इथे जर्मनीत आपल्या इंडियन दुकानातली बरीच पाकिटं त्यात सापडत नाहीत, नाहीतर ‘माहिती नाही’ असं येतं. ही माहिती लोकच भरतात. आपण यादी टाकली नाही तर ॲपला कळणार कुठून? आयातदाराने चिकटवलेला जर्मन स्टिकर असेल तर त्याचाही स्पष्ट फोटो काढा.

हिरव्या ठिपक्यावर जाऊ नका. तो फक्त शाकाहारी आहे एवढंच सांगतो, दूध, तूप, मध सगळं त्यात बसतं. व्हीगनसाठी भारतात २०२२ मध्ये वेगळे नियम आले, त्याचं चिन्ह वेगळं आहे.

मानसी

---

शेखर, मंगळवार, रात्री ११:०५

मानसी, चकलीचं पाकीट माझ्याकडे आहे. माझ्या फोनवर हिरवं आलं, हिच्या फोनवर लाल. ॲप तेच, पाकीट तेच. यादीत तांदळाचं पीठ, तेल, तीळ, तिखट, हिंग, मीठ. खाली ‘दुधाचे अंश असू शकतात’. आता ही चकली त्या टेबलावर ठेवायची की नाही? उद्या संध्याकाळपर्यंत सांग, नाहीतर मी दुसरी घेऊन येतो.

---

सुलभाताई, बुधवार, सकाळी ७:२०

शेखर, दुसरी आणू नकोस. चकली मी घरी करते आहे, चार किलो भाजणी दळून झाली. हे बैठकीत ठरलं होतं. फराळात काय असावं ते फराळ समिती ठरवते, त्यामुळे कुठलीही वस्तू काढण्याआधी मला एक फोन करा.

माझ्या भाजणीला बारकोड नाही, पण काय घातलंय ते मी सांगू शकते. आमच्याकडे मोहन कडकडीत तेलाचंच असतं, लोण्याचं नाही. शंकरपाळ्यांत तूप आणि दूध आहे, करंजीत तूप आहे, बेसनाच्या लाडवात तर तूपच तूप. चिवड्यात काही नाही. विचारलं असतंत तर दिवाळीच्या आधी महिनाभर सांगितलं असतं.

---

निखिल, बुधवार, सकाळी ९:४५

शेखरदादा, वहिनींच्या फोनवर ॲपच्या सेटिंगमध्ये ‘दूध नको’ अशी ॲलर्जीची निवड केलेली असणार. ती केली की ‘अंश असू शकतात’ एवढ्यावरही इशारा येतो. व्हीगनचा निकाल फक्त घटकांच्या यादीवरून येतो. म्हणून दोन रंग.

आमच्या अर्णवला दुधाची ॲलर्जी आहे, त्यामुळे यात मी चार वर्षं घालवली आहेत. इथल्या कायद्याने २०१४ च्या डिसेंबरपासून १४ ॲलर्जीकारक घटक यादीत ठळक छापावे लागतात, दूध त्यात आहे. पण ‘अंश असू शकतात’ ही ओळ कंपनीच्या मर्जीवर असते. ती नाही म्हणजे दूध लागलेलंच नाही, असं समजू नका. व्हीगन खाणाऱ्याला त्या अंशाने बहुधा फरक पडत नाही, अर्णवला पडतो. कृपया दोन्ही गोष्टी एका टेबलावर, एका पाटीखाली आणू नका. त्याचा डबा मी घरून आणतो. एवढंच करा, की तुपाच्या लाडवाचा चमचा चिवड्यात जाऊ देऊ नका.

---

वसंतकाका, बुधवार, दुपारी १:१०

चहाचं काय ठरलं? ओटच्या दुधाचे १२ लिटर मागितले आहेत. गाईच्या दुधावर ७ टक्के कर आणि ओटच्या दुधावर १९ टक्के, कारण त्याला पेय धरतात. खजिनदार म्हणून मला हे दिसतं. एकूण चहा किती होणार ते सांगा, त्याप्रमाणे घेऊ. शिवाय ते दूध पातेल्यात उकळलं की बुळबुळीत होतं, आमच्याकडे सूनबाई करते तेव्हा पाहिलंय. चहा आधी उकळून घ्यावा, दूध शेवटी घालावं.

---

अनघा, बुधवार, संध्याकाळी ६:३०

काका, १२ लिटर नको, ६ पुरे. माझ्यासारख्या बऱ्याच जणी कोराच पितात.

मानसीने मागच्या वर्षीचं लिहिलं म्हणून सांगते. मी ‘व्हेगॅन्युअरी’च्या ३१ दिवसांपासून सुरुवात केली. जानेवारीभर व्हीगन खाऊन बघायची ही मोहीम ब्रिटनमध्ये २०१४ मध्ये सुरू झाली. रोज एक ईमेल यायची, रोज एकच गोष्ट बदलायची. तेवढं झेपलं. बाहेर जेवायचं तर व्हीगन हॉटेलं दाखवणारं ‘हॅपीकाऊ’ ॲप उघडते. पण घरी काय करायचं हे कुठल्याच ॲपने सांगितलं नाही. त्यातल्या पाककृतींत केल आणि किनोआ. भरली वांगी, पिठलं-भाकरी, मटकीची उसळ, अळूचं फदफदं हे सगळं आधीपासून आपलंच आहे, हे मला आईने फोनवर सांगितलं.

एक मात्र ॲपमुळे वेळेवर कळलं. जेवणातली पोषणद्रव्यं मोजणाऱ्या ‘क्रोनोमीटर’मध्ये रोजचं जेवण भरत होते, तर बी १२ जीवनसत्त्वाचा रकाना दोन महिने जवळजवळ रिकामा. मी डाळी खाते म्हणजे सगळं येतं अशी माझी समजूत होती. तपासणीत कमी निघालं. नव्याने सुरू करणाऱ्यांनी हे पहिल्या आठवड्यातच बघा. व्हीगन सोसायटी रोज १० मायक्रोग्रॅमची किंवा आठवड्याला २००० मायक्रोग्रॅमची गोळी सांगते. आधी डॉक्टरांना विचारा, पण पुढे ढकलू नका.

---

सुलभाताई, बुधवार, रात्री ८:१५

अनघा, ‘घरी गेली’ हे मला माहीतच नव्हतं. वाईट वाटलं गं. बेसनाचा लाडू तुपाशिवाय होत असेल तर सांग, मी करून बघते. खोबरेल तेलाचा वास आमच्या घरी चालत नाही.

---

अनघा, बुधवार, रात्री ९:०२

ताई, घाण्याचं खोबरेल नको. रेवे सुपरमार्केटमध्ये पाल्मिनची वडी मिळते, नुसती खोबऱ्याची चरबी, वास नाही. तुपापेक्षा थोडी कमी घ्या आणि बेसन मंद आचेवर निदान अर्धा तास भाजा, खमंग रंगावर यायला हवं. ती साधारण २५ अंशांच्या खाली घट्ट होते, म्हणून थंड हॉलमध्ये लाडू दगडासारखा होतो. वाढण्याआधी तासभर उबेत ठेवा. मी शुक्रवारी येते, दोघी मिळून वळू.

---

शेखर, गुरुवार, संध्याकाळी ५:५०

निखिल, बरोबर. हिच्या फोनवर दुधाची निवड होती, काढली, हिरवं आलं.

सहा पाकिटांचे फोटो ॲपवर टाकले, तीन त्यात पहिल्यांदाच गेली. मसाला शेंगदाण्यांच्या यादीत आठव्या जागी ‘मोल्केनपुल्फर’ निघालं, म्हणजे दुधाच्या निवळीची पावडर. पाकिटावर हिरवा ठिपका आहे. ते दुसऱ्या टेबलावर ठेवतो.

---

मानसी, गुरुवार, रात्री ९:३०

शेखर, धन्यवाद. ताई, घरच्या पदार्थांना कागदी चिठ्ठ्या लावते, घटक तुम्ही फोनवर सांगा. अर्णवसाठी वेगळे चमचे हॉलच्या कपाटात ठेवले आहेत, निळ्या डब्यात.

बाकरवडीची दोन पाकिटं कुणी आणली आहेत? त्यांचे फोटो अजून आलेले नाहीत.