नुसतं ऐकून घेणं पुरत नाही

"मानसिक आरोग्य हा काय पदवीला घ्यायचा विषय? समोरच्याचं नीट ऐकून घेतलं की झालं," असं कुणीतरी म्हटलंय. या विषयाच्या पदवीला प्रवेश घेताना मलाही तसंच वाटत होतं. पहिल्याच सत्रात संख्याशास्त्र समोर आलं आणि निम्मा वर्ग गार!

एक उदाहरण देते. नैराश्याच्या चाचपणीसाठी पीएचक्यू-९ नावाची प्रश्नावली असते. गेल्या दोन आठवड्यांबद्दल ९ प्रश्न, प्रत्येकी ० ते ३ गुण, एकूण २७. साधारण १० किंवा त्याहून जास्त आले की पुढे नीट तपासायचं. पण त्यात झोप, थकवा, भूक यांवरही प्रश्न आहेत. मग नुकती बाळंत झालेली बाई किंवा रात्रपाळीवरचा कामगार यांचे गुण वाचायचे कसे? आमचा अख्खा तास यावर वाद घालण्यात गेला. आकडा म्हणजे निदान नव्हे, हे तेव्हा कुठे डोक्यात शिरलं.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ कोरी कीज यांची मांडणीही अशीच चक्रावून टाकते. आजार आणि स्वास्थ्य ही एकाच पट्टीची दोन टोकं नाहीत, म्हणे. निदान झालेला माणूस समाधानाने जगत असू शकतो आणि कुठलाही आजार नसलेला आतून कोरडा पडलेला असू शकतो.

बाकी, वाचलेलं प्रत्येक लक्षण स्वतःत दिसायला लागतं, त्याची तयारी ठेवा. आणि नुसत्या पदवीवर समुपदेशक होता येत नाही; त्यासाठी पुढचं शिक्षण आणि देखरेखीखालचा सराव लागतो. हे प्रवेशाआधीच विचारून घ्या, मी विचारलं नव्हतं.