अमेरिकेतला 'कीप राइट' बोर्ड नेमका काय सांगतो?

सिडकोकर_६२:
मंडळी, एक विचारायचंय. मुलीकडे न्यू जर्सीला चाललोय, आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढून झालंय. तिकडचे बोर्ड बघत होतो तर एकावर 'कीप राइट एक्सेप्ट टू पास' असं दिसलं. तिकडे गाड्या उजवीकडूनच चालतात हे माहितीये, मग हे वेगळं कशाला लिहायचं? आणि इकडे घोटीचा टोल सुटला की जो तो उजवी लेन धरतो ती कसारा येईपर्यंत सोडत नाही, तसं तिकडे डाव्या लेनचं असतं का?

गंगापूररोड_ते_एडिसन:
काका, नाही, तिकडे तसं अजिबात करू नका. डावी लेन फक्त ओव्हरटेकसाठी, पुढे गेलात की परत उजवीकडे यायचं, हाच त्या बोर्डाचा अर्थ. तुम्ही लिमिटवर चालत असलात आणि मागे कोणी चिकटलं तरी वाद न घालता उजवीकडे व्हायचं. जर्सीत याचा दंड 2013 मध्ये वाढवला, 100 ते 300 डॉलर आहे. अजून एक, नुसत्या 'कीप राइट'चा बोर्ड वेगळा, त्यावर वळलेला बाण असतो आणि तो डिव्हायडरच्या तोंडाशी लावतात, त्याचा अर्थ एवढाच की डिव्हायडरच्या उजव्या अंगाने जा. आपल्याकडचा निळा गोल, डावीकडे खाली तिरका बाण, तेच काम करतो.

आडगाव_ट्रान्सपोर्ट:
उजवी लेन अडवतात म्हणून ट्रकवाल्यांना शिव्या पडतात, पण डाव्या लेनला काय असतं ते पण बघा ना, ढाब्यासमोर उभ्या गाड्या, उलट्या दिशेने येणारे बाइकवाले, सर्व्हिस रोडवरून न बघता आत घुसणारे. वीस-पंचवीस टन भरलेली गाडी एकदा थांबली की परत पहिल्या गियरपासून सुरुवात, म्हणून ड्रायव्हर उजवीकडे सरकतो. तरी मी माझ्या पोरांना सांगतो, रस्ता मोकळा दिसला की डावीकडे या. कारण तुम्ही उजवीकडे बसून राहिलात की कारवाला क्लीनर साइडने, म्हणजे डावीकडून काढतो, आणि केबिनमधून त्या बाजूला दाराखालचं काहीच दिसत नाही, छोटी गाडी तिथे असली तर ती आरशात पण येत नाही. ड्रायव्हरने त्याच वेळी डावीकडे घेतलं की संपलं.

विल्होळी_फाटा:
दादांचं बरोबर आहे. नियम आपल्याकडे पण तोच आहे, 2017 च्या ड्रायव्हिंग रेग्युलेशन्समध्ये शक्य तितकं डावीकडून चालायचं आणि ओव्हरटेक उजवीकडूनच करायचं असं आहे. समृद्धीवर इगतपुरीहून चढलात की तीन लेन, कारला सपाटीवर 120 ची मर्यादा आणि ट्रकला 80, म्हणजे 80 चा ट्रक उजव्या लेनमध्ये आला की मागच्या सगळ्यांना ब्रेक. पण कारवाले पण कमी नाहीत हो, 90 ने उजवीकडे आरामात चाललेले असतात, मागून डिपर दिला तर राग येतो.

सिडकोकर_६२:
धन्यवाद सगळ्यांना. तिकडे स्टिअरिंग डावीकडे असणार, मग लेन बदलताना कुठला आरसा आधी बघू?

गंगापूररोड_ते_एडिसन:
काका, आधी मधला, मग ज्या बाजूला जायचं तो, आणि मान वळवून खांद्यावरून एकदा बघा. परत उजवीकडे येताना ज्याला मागे टाकलंत ती गाडी मधल्या आरशात पूर्ण दिसली की मगच इंडिकेटर देऊन घ्या. पहिले काही दिवस मुलीला शेजारी बसवा.