कोरोनात सरकारी दवाखाना आतून कसा चालायचा? अनुभव लिहा

जास्वंद
कोरोनाबद्दल टीव्हीवर ऐकायचं ते सगळं ऐकून झालंय. मला हवंय ते वेगळं. सरकारी आणि महापालिकेच्या दवाखान्यांत, आणि त्यांच्या भोवती, त्या दोन वर्षांत रोजचं काम कसं चालायचं? बेड कोण द्यायचं, ऑक्सिजन कोण मोजायचं, घरच्यांना फोन कोण करायचं? डॉक्टरांचं कौतुक झालं, व्हायलाच हवं होतं. पण मागचे लोक बोललेच नाहीत. दोनच अटी: पक्षांची धुणी इथे धुवायची नाहीत, आणि तक्रार असेल तर जरूर लिहा, फक्त दवाखान्याचं किंवा माणसाचं नाव घेऊ नका.

सुरुवात मीच करते. मी मुंबईत पालिकेच्या शाळेत शिकवते. शाळा बंद पडल्यावर आमच्यापैकी कोणाला सर्वेक्षणाला पाठवलं, कोणाला रेशनच्या पाकिटांवर. मला वॉर्डाच्या वॉर रूममध्ये, म्हणजे कोरोनाच्या कंट्रोल रूममध्ये टाकलं. आधी अख्ख्या शहराचा भार १९१६ या एका नंबरवर होता. जून २०२० मध्ये २४ वॉर्डांच्या २४ वॉर रूम झाल्या आणि बेड देण्याचं काम वॉर्डात आलं. लॅबचे पॉझिटिव्ह रिपोर्ट आधी पालिकेकडे, तिथून वॉर्डवार याद्या आमच्याकडे, मग आम्ही फोन लावायचो. त्याआधी काय व्हायचं, की रिपोर्ट हातात पडला की घरचे मिळेल तिकडे धावायचे आणि ज्याला धड खोकलाही नाही तो आयसीयूत जाऊन झोपायचा. "माझा रिपोर्ट मला का नाही?" असं लोक भांडायचे. त्यांचंही खोटं नव्हतं, पण त्या दिवसांत ही पद्धत उपयोगी पडली असं माझं मत आहे.

फोनवर आम्ही एका श्वासात आकडे म्हणायला लावायचो. कोणी तीसपर्यंत जायचं, कोणी बारावर अडकायचं. गंमत म्हणजे बारावर अडकणाराच "मला काही नाही हो, जरा थकवा आहे" म्हणायचा. शेजारच्या टेबलावरचे डॉक्टर नुसती हाताने खूण करायचे: गाडी काढा. मग पुढची वाटाघाट. चाळीच्या दाराशी गाडी नको, नाक्यावर उभी करा, सायरन वाजवू नका. आणि दुसऱ्या टोकाला "आम्हाला अमुकच हॉस्पिटल पाहिजे, एसी रूम पाहिजे" म्हणणारे. एका साहेबांनी सरळ मेनू विचारला होता!

कर्जत_फास्ट
जास्वंद, तुम्ही पाठवलेले पेशंट आमच्याकडेच यायचे बहुतेक. मी पालिकेच्या रुग्णालयात स्टाफ नर्स.

लोकल बंद होत्या तेव्हा एसटी आणि बेस्टच्या गाड्यांनी आम्हाला आणलं-नेलं. १५ जून २०२० ला अत्यावश्यक सेवेसाठी लोकल सुरू झाली तेव्हा विंडो सीट मिळून रडू आलं होतं, आता हसू येतं. ड्युटी सहा तासांची, पण पीपीई किट (अंगभर झाकणारा संरक्षक पोशाख) चढवणं-उतरवणं धरून आठ. आत पाणी नाही, बाथरूम नाही. पाळीच्या दिवसांत काय होत असेल याचा विचार रोस्टर लावणाऱ्यांनी केला नव्हता. आमच्या मेट्रननी तो केला आणि गुपचूप ड्युट्या बदलून दिल्या.

किटमध्ये सगळे सारखेच दिसतात, म्हणून पाठीवर आणि छातीवर मार्करने नाव लिहायचो. पेशंट ते वाचून हाक मारायचे. चष्म्यावर वाफ धरली की शीर दिसायची नाही, बोटाने चाचपून सुई लावायची, तीही दोन-दोन हातमोज्यांतून. आणि पालथं झोपवणं! ऐंशी-नव्वद किलोचा माणूस, नाकाला नळी, हाताला सलाइन, त्याला चौघींनी मिळून पालथं करायचं. छातीखाली उशी, पोट मोकळं. पेशंट कटकट करायचे, मान दुखते म्हणायचे. पण मॉनिटरवर रक्तातला ऑक्सिजन ८४ टक्क्यांचा ९१ झालेला दाखवलं की गप पडून राहायचे.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ यायचं होतं तेव्हा बीकेसीच्या (वांद्रे-कुर्ला संकुलाच्या) मैदानावरच्या कोविड केंद्रातले पेशंट आधीच हलवले होते. पुढच्या मे महिन्यात तौक्तेच्या वेळी बीकेसी, दहिसर, मुलुंड तिन्ही ठिकाणचे हलवले. साथ कमी होती म्हणून वारा!

मॅनिफोल्डवाला
मी मराठवाड्यातल्या एका उपजिल्हा रुग्णालयात ऑक्सिजन ऑपरेटर. कंत्राटी. दवाखान्याच्या मागं पत्र्याच्या खोलीत सिलेंडरची रांग जोडलेली असते, तिला मॅनिफोल्ड म्हणतात. दुसऱ्या लाटेत मी तिथंच राहिलो म्हणा ना.

हिशोब सांगतो, कारण हिशोबच कुणी सांगत नाही. जम्बो सिलेंडरमध्ये ७ घनमीटर, म्हणजे ७,००० लिटर ऑक्सिजन. पिशवीचा मास्क लावलेला पेशंट मिनिटाला १५ लिटर घेतो. म्हणजे एका पेशंटला एक सिलेंडर पावणेआठ तास. असे तीस पेशंट असले तर दिवसाला नव्वदच्या वर सिलेंडर. आणि नातेवाईक म्हणायचे, "आमच्या माणसाला ते मोठं मशीन लावा." त्या हाय फ्लो मशीनला मिनिटाला ६० लिटरपर्यंत लागतं. दोन तासांच्या आत सिलेंडर खल्लास! डॉक्टर नाही म्हणायचे तेव्हा लोकांना वाटायचं पैसे मागतायत. डॉक्टर बिचारे माझ्या खोलीतला काटा बघून नाही म्हणायचे.

एप्रिल २०२१ मध्ये आमची पिकअप एमआयडीसीतल्या रिफिलिंग प्लांटवर उभी असायची. दुष्काळात टँकरची वाट बघतो तशी. ड्रायव्हर केबिनमध्येच झोपायचा, कारण नंबर गेला की गेला. पांढऱ्या खांद्याचे सिलेंडर मेडिकलचे आणि पूर्ण काळे कारखान्याचे, हे त्या महिन्यात आमच्या तालुक्यातल्या पोरासोरांनाही कळायला लागलं. त्याच सुमारास कळंबोलीहून रिकामे टँकर रेल्वेवर चढवून विशाखापट्टणमला पाठवले आणि भरून नागपूर-नाशिकला आणले. टीव्हीवर ती गाडी बघताना आमच्या खोलीत चौघं उभे होते, कुणी बोलत नव्हतं; सगळे मनात टनाला सिलेंडरनं भागत होते.

आता वाचवायचं कसं? जेवताना पेशंट मास्क काढतो, पण फ्लो चालूच. संडासला जातो, फ्लो चालूच. ९६ वर आलेल्या माणसाला अजून १० लिटर चालू, कारण कमी करायला कुणाला सवडच नाही. जोडांवर साबणाचा फेस लावला की बुडबुडे दिसतात, तिथं गळती. आमच्याकडे एका सिस्टरला दुसरं कामच दिलं नाही. हातात वही, प्रत्येक बेडपाशी थांबायचं, ९४ टिकतंय का बघायचं आणि नॉब एकेक लिटरनं खाली आणायचा. "ऑक्सिजन नर्स" ही पद्धत नंदुरबारची म्हणून गाजली. तिथले तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड. पहिली लाट ओसरत असताना सगळे हुश्श करत होते, तेव्हा त्यांनी हवेतून ऑक्सिजन काढणारे प्लांट बसवून घेतले होते. दुसऱ्या लाटेत आदिवासी जिल्हा म्हणून ज्याला नाकं मुरडायचे त्याच्याकडे बाहेरचे पेशंट यायला लागले.

आमच्या सिस्टरच्या वहीमुळं रोजचे बरेच सिलेंडर वाचले. तिचं नाव कुठल्या सत्काराच्या यादीत आलं नाही.

कर्जत_फास्ट
मॅनिफोल्डवाला, तुमच्या त्या सिस्टरला सलाम सांगा. आमच्याकडे लिक्विड ऑक्सिजनची टाकी होती तरी १६-१७ एप्रिलच्या रात्री पालिकेच्या सहा रुग्णालयांतून १६८ पेशंट हलवावे लागले होते. कोणी दगावलं नाही त्या हलवाहलवीत. ती रात्र कंट्रोल रूममधल्यांनी लिहायला पाहिजे इथे.

बांधावरची
मी आशा आहे. मोबाइलवर लिहितेय, चुकलं तर समजून घ्या. आमच्या गावाला दवाखाना म्हणजे उपकेंद्र, त्याच्यावर पीएचसी (प्राथमिक आरोग्य केंद्र), तिथून पुढं तालुका. पण गावाला दिसते ती आशाच.

१५ सप्टेंबर २०२० ला "माझे कुटुंब माझी जबाबदारी" सुरू झालं तेव्हा मला एक ऑक्सिमीटर, एक थर्मामीटर गन आणि स्टिकर दिले. बोटाला मेंदी, नाहीतर नेलपॉलिश, नाहीतर निंदणीहून आलेले मातीचे हात, थंडगार. मशीन आकडाच दाखवायचं नाही. मग हात चोळायला लावायचे, चुलीपाशी शेकायला लावायचे, तोवर घरातली माहिती निघायची. म्हातारा मागच्या खोलीत लपवून ठेवलाय हे मला तसंच कळलं. "नेतात अन् परत आणत नाहीत" असं गावभर झालं होतं. एका घरी कुत्रं सोडलं अंगावर. त्याच घरच्या सुनेनं नंतर रात्री फोन केला, ताई येता का म्हणून. गेले.

मोबदल्याचं काय बोलायचं? १५ जून २०२१ पासून राज्यभर आशा संपावर गेल्या तेव्हा "साथीत संप करतात" म्हणून नावं ठेवली. दीड हजाराची वाढ मिळाली. नावं ठेवणाऱ्यांनी एक दिवस माझी वही धरून गावात फिरावं.

निनावी
मला तक्रार लिहायची आहे. नाव लिहीत नाही.

वडील एका मोठ्या सरकारी रुग्णालयात होते. आत सोडलं तेव्हा चालत गेले, हात हलवला. त्यानंतर बातमी नाही. त्यांचा मोबाइल आधी वाजायचा, मग बंद. वॉर्डाचा फोन वाजत राहायचा. गेटवरचा वॉचमन हाच आमचा डॉक्टर, तो म्हणायचा, "यादीत नाव नाही म्हणजे बरे असतील." गेल्याचा फोन आला तो स्मशानात कधी यायचं ते सांगायलाच. मोबाइल आणि अंगठी मिळाली नाही, घड्याळ मिळालं. उपचारांबद्दल माझं काही म्हणणं नाही, केले असतील. पण रोज संध्याकाळी एका माणसाने एक वाक्य सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?

कर्जत_फास्ट
निनावी, काहीच बिघडलं नसतं. मी कारण सांगते, समर्थन नाही. वॉर्डाचा फोन किट घालून उचलता येत नाही, कानापर्यंत पोचतच नाही. साठ पेशंटला आम्ही तिघी. आमच्याकडे पुढे एक टेबल वेगळं केलं, बंद पडलेल्या ओपीडीतल्या समाजसेविका आणि इंटर्न तिथे बसून केसपेपरचा फोटो बघून घरी फोन करायचे, टॅबवर व्हिडिओ कॉल लावून द्यायचे. त्या टेबलामुळे गेटवरची मारामारी थांबली. ते पहिल्या दिवसापासून हवं होतं. अंगठ्या, कवळ्या, मंगळसूत्रं आम्ही पाकिटात घालून नाव लिहायचो. तरी वॉर्ड बदलला की पाकीट मागे राहायचं.

साठफुटी_रोड
धारावीत दवाखाना आहे माझा, खासगी, दहा बाय बाराचा. १ एप्रिल २०२० ला धारावीत पहिला पेशंट सापडला. आम्ही काही डॉक्टर पालिकेच्या पथकांबरोबर किट घालून गल्ल्यांत फिरलो. उकाड्यात ते जमण्यातलं नव्हतं. खरा फरक पडला तो पालिकेने आम्हाला किट देऊन आपापले दवाखाने उघडायला लावले तेव्हा. पांढऱ्या किटमधल्या परक्या माणसाला ताप कोण सांगतो? मला सांगतात, कारण पोरांची शी-सू मीच बघितलेली.

एका खोलीत आठ माणसं आणि संडास सार्वजनिक, तिथे "घरीच विलग राहा" सांगणं म्हणजे थट्टा. म्हणून शाळा, क्रीडा संकुल ताब्यात घेतली, लोकांना तिथे नेलं. रमजान होता, पहाटेच्या सहरीची सोय झाल्यावर लोक स्वतःहून यायला लागले. जुलैत जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचं नाव घेतलं, मग फोटो काढायला गर्दी.

हिशेबनीस
माझं काम खासगी रुग्णालयांची बिलं तपासायचं. मे २०२० मध्ये सरकारने ८० टक्के बेड ताब्यात घेतले आणि दर बांधले: साधा वॉर्ड दिवसाला ४,०००, आयसीयू ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,००० रुपये. पीपीई किट त्यात नव्हतं. झालं! डॉक्टर एका किटमध्ये फेरी मारणार, किट मात्र फेरीतल्या प्रत्येकाच्या बिलात. एकाच तारखेची बिलं शेजारी शेजारी ठेवली की लगेच दिसायचं. बरेच पैसे परत करायला लावले, पण जे तक्रार घेऊन आलेच नाहीत त्यांचे गेले.

जास्वंद
सगळे मनापासून लिहिताय. एक विचारू? आता त्यातलं शिल्लक काय आहे? आमची वॉर रूम पुन्हा स्टोअर रूम झाली.

मॅनिफोल्डवाला
आमच्याकडे पीएसए प्लांट, म्हणजे तोच हवेतून ऑक्सिजन काढणारा, आला, लाट गेल्यावर. २७ डिसेंबर २०२२ ला देशभर मॉक ड्रिल झालं तेव्हा साहेब लोक आले, प्लांट चालू केला. शुद्धता ९३ च्या आसपास पाहिजे, नव्वदच्या खाली चालत नाही. मीटरवर ८७. प्लांट पडून राहिला की आतल्या झिओलाइटला (नायट्रोजन शोषून घेणारे खडे) दमट हवा लागते, मग तो नायट्रोजन धरत नाही. आठवड्यातून काही तास चालवला तर टिकतो, पण वीजबिल कुणाच्या खात्यातून भरायचं यावर फाइल फिरतीय. माझं कंत्राट संपलं होतं, मध्ये बाहेर होतो, आता पुन्हा घेतलंय. कुणाच्या दवाखान्यात प्लांट नियमित चालू असेल तर कॉम्प्रेसरची देखभाल कुणाला दिलीय आणि वर्षाला काय घेतात तेवढं इथं लिहा. मला अर्जाला जोडायचंय.