उत्तर नम्र मेलला येतं, की साहेबांना सीसीत ठेवल्यावर?

मेघना_ठाणे
बिल्डर जमीन नावावर करून देत नाही म्हणून आमच्या सोसायटीने मानीव अभिहस्तांतरणाचा (डीम्ड कन्व्हेयन्स, म्हणजे बिल्डरशिवाय जमीन नावावर करून घेण्याचा) अर्ज केलाय. सरकारी कार्यालयाशी पत्रव्यवहार माझ्याकडे आहे. माझं ठाम मत: मेल नम्र हवाच, पण नम्रपणा म्हणजे लांबण नव्हे. "महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर की…" करत आपण मुद्दा चौथ्या परिच्छेदात नेतो. वाचणारा "नंतर बघू" म्हणतो आणि मेल खाली जातो. मी असं लिहिते:

विषय: अर्ज क्र. अमुक, सातबाराही जोडायचा का?
"नमस्कार सर, अर्जासोबत मिळकत पत्रिका दिली आहे. सातबाराही लागेल का? लागत असल्यास गुरुवारी आणून देते. आभारी आहे."

'हो' किंवा 'नाही' एवढं उत्तर पुरतं. समोरच्याचा वेळ वाचवला की तो उत्तर देतो.

कोकणकडा
अजिबात पटलं नाही. सरकारी टेबलावर गोड मेल म्हणजे बिनमहत्त्वाचा मेल. माहिती अधिकारात 10 रुपये भरून अर्ज टाका, 30 दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. विनाकारण टाळलं तर दिवसाला 250 रुपये, कमाल 25,000 दंड. तो धाक तुमच्या 'आभारी आहे'मध्ये कुठून येणार? मी पहिल्याच मेलला वरिष्ठांना सीसीत ठेवतो.

आवक_जावक
मी टेबलाच्या पलीकडे बसतो, म्हणून लिहितो. पहिल्याच मेलमध्ये साहेब सीसीत दिसले की साधं उत्तरही टिपणी, सही, जावक क्रमांक या वाटेने जातं. फोनवर लगेच सांगितलं असतं त्याला आठवडा लागतो. आणि माहिती अधिकारात कार्यालयाकडे असलेली कागदपत्रं मिळतात, 'काय जोडू?' याचा सल्ला द्यायला आम्ही बांधील नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेच 2011 मध्ये स्पष्ट केलंय. मेघनाताईंसारखा मेल आला की मी तिथल्या तिथे उत्तर देतो. फक्त खाली मोबाइल नंबर द्या. आणि आडवेतिडवे स्कॅन जोडू नका, फार त्रास होतो.

कोकणकडा
सगळे तुमच्यासारखे नसतात हो. स्मरणपत्रं पाठवूनही समोर शांतताच असेल तर नम्र माणसाने नुसती वाट बघायची?

मेघना_ठाणे
मुळीच नाही. 1963 च्या मोफा, म्हणजे फ्लॅट मालकीच्या कायद्याच्या कलम 11 मध्ये आमच्या अर्जावर निर्णयाला कमाल सहा महिने दिलेत. म्हणून जुन्या मेलवरच पुन्हा लिहायचं: "मुदत अमुक तारखेला संपते, त्याआधी त्रुटी असल्यास कृपया कळवावे." यात आवाज चढवलेला नाही, पण आपल्याला कायदा माहीत आहे हे कळतं. "ताबडतोब उत्तर द्या, अन्यथा…" लिहून काय मिळतं? पुढेही त्याच माणसाकडे जायचं असतं.

कोकणकडा
तारखेचं मान्य. पण दुसऱ्या मेलला मी सीसी लावणारच.

आवक_जावक
दुसऱ्याला लावा, हरकत नाही. फक्त "माहितीस्तव प्रत अमुक यांना" असं मजकुरातही लिहा. गुपचूप बीसीसी केलेलं नंतर कळतं, तेव्हा फार लागतं.