समुद्रावरचा बाक आणि "घरी बसून बोला"

मोरीजवळची_खिडकी
काल निवृत्त_दादरकर काकांनी लिहिलं की दादर चौपाटीचे बाक संध्याकाळी जोडप्यांनी अडवलेले असतात, ज्येष्ठांना टेकायला जागा नसते, म्हणून ते बाक ज्येष्ठांसाठी राखीव करावेत. इथपर्यंत ठीक होतं. पण पुढे लिहिलंय, "ज्यांना एकमेकांशी बोलायचंय त्यांनी घरी बसून बोलावं. जे आईवडिलांसमोर बोलता येत नाही ते बोलणंच चुकीचं." त्याखाली कितीतरी जणांनी हात जोडलेत. मला रात्री झोप लागली नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

काका, माझं घर सांगते. परळची चाळ, एक खोली. आजी कॉटवर, आईबाबा खाली, भाऊ पोटमाळ्यावर आणि मी ओट्याच्या बाजूला. पाय सरळ केले की मोरीच्या कट्ट्याला लागतात. फोनवर बोलायचं तर गॅलरीत जायचं, आणि तिथे शेजारच्या काकू तांदूळ निवडत बसलेल्या. त्यामुळे मी फोनवर फक्त "हो", "नाही", "बघते" एवढंच बोलते. गेली तीन वर्षं!

तो डोंबिवलीला राहतो. वन रूम किचन, चार माणसं, वडिलांचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस. गुरुवारी तो साइटवरून लवकर सुटतो. साडेसहाला दादरला भेटतो, सव्वाआठच्या सुमारास तो फास्ट लोकल पकडतो. आठवड्यातला आमचा वेळ तेवढाच. हॉटेलात दोन कॉफ्यांचे चारशे रुपये होतात, माझा पगार बावीस हजार. म्हणून बाक.

हो, आम्ही हात धरून बसतो. पण बोलतो काय, तेही ऐका. माझं कंत्राट मार्चला संपतंय. त्याच्या ताईचं लग्न ठरल्याशिवाय आमचा विषय घरी काढायचा नाही, असं त्याचं म्हणणं आहे. ते मला पटत नाही, त्यावर वाद होतो. मागच्या महिन्यात तो मला म्हणाला की साइटवरची माणसं कमी करतायत, त्याला भीती वाटते, आणि रडला. सव्वीस वर्षांचा मुलगा. हे त्याने कुठल्या घरी रडायचं होतं? त्याच्या आईसमोर, की माझा भाऊ मॅच बघत असताना माझ्या ओट्याशी?

आणि उद्या स्थळ बघायचं ठरलं की हीच मोठी माणसं म्हणणार, "एकमेकांना नीट ओळखून घ्या हं." पोहे खाऊन झाल्यावर गच्चीत पंधरा मिनिटं, जिन्यात मामा उभा. तेवढ्यात ओळख होते असं तुम्हाला मनापासून वाटतं का?

निवृत्त_दादरकर
माझं वय ७१. दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली आहे. कीर्ती कॉलेजच्या बाजूने चालत येतो, वाटेत दोनदा थांबतो. पोचल्यावर मला बाक लागतो. हौस म्हणून नाही, गरज म्हणून. परवा एका मुलाला म्हटलं, जरा सरक. तो म्हणाला, "काका, पुढे बघा ना." पुढच्या बाकावरही तेच. शेवटी कठड्याला धरून उभा राहिलो. तुम्ही तुमची खोली सांगितलीत, मी माझे गुडघे सांगितले.

आणि संस्कारांबद्दल लिहिलं ते विचार करून लिहिलं. लहान मुलं घेऊन लोक तिथे येतात.

दोन_मुलींची_आई
काकांशी सहमत. मी माझ्या मुलींना घेऊन तिकडे जाणं सोडलं आहे. सगळेच हात धरून बसतात असं नाही. छत्रीआड काय चालतं ते मुलींना काय सांगू? आणि या बाईंनी घरच्यांना तीन वर्षं अंधारात ठेवलंय, ते मला सगळ्यात जास्त खटकलं. उद्या माझ्या मुलीने असं केलं तर मला वाईट वाटेल. समुद्रावर बसली याचं नाही, मला सांगितलं नाही याचं.

झेडब्रिज_ते_कोर्ट
कायद्याचा विद्यार्थी आहे, थोडं नीट मांडतो. हात धरून बसणं हा गुन्हा नाही. पोलिस वापरतात ते महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम ११०, सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तन. दंड जास्तीत जास्त १,२०० रुपये. पण "असभ्य" म्हणजे काय हे त्या क्षणी समोर उभा असलेला हवालदार ठरवतो, खरी गोची तिथे आहे.

ऑगस्ट २०१५ मध्ये मढ आणि अक्साच्या हॉटेलांवर छापे घालून चाळीसेक जोडप्यांना पोलिस ठाण्यात नेलं होतं, तेही याच कलमाखाली. सज्ञान माणसं, पैसे भरून घेतलेली बंद खोली, आणि कलम लावलं सार्वजनिक ठिकाणचं! काहींच्या घरी फोन केले गेले. म्हणजे उघड्यावर बसलात तर घरी जा, खोली घेतलीत तर चौकीत या. मग दोघांनी जायचं कुठं?

पुण्यात आम्हाला झेड ब्रिज आहे. दुचाकी कडेला लावायची, तिच्यावरच बसायचं, तोंड मुठेकडे. खाली पाण्याला वास येतो, तरी संध्याकाळी गाड्यांची रांग लागलेली असते. त्या रांगेत एक अलिखित नियम आहे : शेजारच्या गाडीकडे बघायचं नाही. शहराने जागा दिली नाही, मुलांनी नजर वळवून ती तयार केली.

रंकाळा_पश्चिम
आमच्याकडं रंकाळ्यावर या की. भेळ खावा, बसा, कोण इचारतंय? पण खरं सांगू का, गावात त्याहून वाईट हाय. मुंबईत तुम्हाला वळखणारं कोण नसतंय. हितं बाकावर टेकायच्या आधी चुलत्याच्या दोस्तानं बघितल्यालं असतंय आणि आपण घरी पोचायच्या आत बातमी पोचल्याली असती. माझ्या बहिणीचं कॉलेज त्याच्यावरनं सुटलं. नुसती वर्गातल्या पोराबरोबर नोट्स घेत उभी होती. त्या काकांनी मुलींच्या आईची पोस्ट वाचून पाठ थोपटून घिऊ नये. घरी सांगितलं तर काय होतं, ते आमच्या घरात बघा येऊन.

तिसरा_मजला_कोपऱ्याची_खोली
मी साठीची आहे, नातवंडं आहेत. मुलींनो आणि काका, माझं ऐका.

१९८४ साली लग्न करून संगमेश्वरहून डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीत आले. खोली १६० चौरस फूट, माणसं सात. मिलचा संप ८२ च्या जानेवारीत सुरू झाला होता, आमच्या ह्यांची मिल परत नीट उघडलीच नाही. ते दिवसा मिळेल ते काम करायचे. रात्री सासरे गॅलरीत, दीर जिन्याच्या तोंडाशी, आणि आम्ही दोघं पडद्याच्या अलीकडे. पडदा म्हणजे माझीच जुनी नऊवारी. सासूबाई कूस बदलल्या की पडदा हलायचा.

आम्ही रविवारी मरीन ड्राइव्हला जायचो. दाण्याची एक पुडी, दोघांत. नवराबायको! एकदा हवालदार आला, काठी कठड्यावर आपटली आणि मला विचारलं, "कोण लागतो हा तुझा?" मी पदर बाजूला करून मंगळसूत्र दाखवलं. तो गेला. पण मी नंतर त्या कठड्यावर बसून रडले, कारण नवऱ्याशी बोलायला मला गळ्यातला पुरावा दाखवावा लागला. त्याआधी इराण्याकडे फॅमिली रूम असायची, लाकडी फळ्यांचा कप्पा, पुढे पडदा. चहा संपेपर्यंत कोणी उठवत नसे. तीही एकेक करून गेली.

दादरकर काका, तुमचे गुडघे दुखतात, माझेही दुखतात. पण "घरी बसा" म्हणू नका. घर कोणाकडे होतं?

भाडं_थकलंय
अहो, सगळा प्रश्न घराच्या आकाराचाच आहे, तिथे कोणी बोलत नाही. बीडीडीवाल्यांना १६० च्या जागी ५०० फूट मिळतंय, वरळीत २०२५ च्या ऑगस्टमध्ये पहिल्या चाव्याही मिळाल्या. आमची खासगी इमारत पुनर्विकासासाठी पाडून चार वर्षं झाली, तोपर्यंतच्या घराचं भाडं बिल्डरने नऊ महिने दिलेलं नाही. मी, बायको, कॉलेजातली दोन मुलं विरारला भाड्याने. मुलाला मैत्रीण आहे हे मला माहीत आहे. तिला घरी बोलाव म्हणायला मला जागा नाही. करारात मेंटेनन्स, पार्किंग, कॉर्पस म्हणजे बिल्डरने द्यायची ठेव, कशावरच नीट आकडा नाही. आधी त्यावर बोला.

निवृत्त_दादरकर
आकाराचं एवढं काय घेऊन बसलात? आम्ही चाळीत दहा माणसं एका खोलीत वाढलो. माणुसकी होती, जिव्हाळा होता. एकाच्या घरी लग्न असलं की अख्खा मजला राबायचा. आता टॉवरमध्ये दार बंद, शेजारी मेला तरी कळत नाही. पाचशे फूट मिळाले आणि माणूस गेला.

मोरीजवळची_खिडकी
काका, हात जोडते, जिव्हाळ्याचं नका सांगू. मी आजही त्याच चाळीत राहते. रात्री बाराला संडासला जायचं तर मजल्याच्या टोकापर्यंत जावं लागतं, आई दारात उभी राहते. पाळी असली की आख्ख्या मजल्याला कळतं, कारण मी किती वेळा बादली नेली हे मोजलं जातं. हा जिव्हाळा तुम्ही पुरुषांनी गॅलरीत पत्ते खेळताना अनुभवला. आम्ही तो ओळीत उभं राहून भोगतोय.

तिसरा_मजला_कोपऱ्याची_खोली
बाय गो, रागावू नको, पण दोन्ही खरं आहे. संपानंतर आमच्या खोलीत तांदूळ संपले तेव्हा शेजारणीने न विचारता डबा ठेवला होता. तीच शेजारीण मी ह्यांच्याबरोबर बाहेर गेले की सासूला वेळ सांगायची. माणूस तेच.

भाडं_थकलंय
तुम्हाला चाळ आवडो न आवडो, टॉवरचा मेंटेनन्स कोण भरणार ते सांगा. लिफ्ट, पंप, वॉचमन. बावीस हजार पगारात?

दोन_मुलींची_आई
पुनर्विकासाचं वेगळीकडे बोला. मी विचारलं त्याचं उत्तर मिळालं नाही. आईला का नाही सांगितलं?

मोरीजवळची_खिडकी
सांगितलं. गेल्या दिवाळीत. आई म्हणाली, "मला सांगितलंस ते बास, बाबांना इतक्यात नको, आणि चाळीत कोणाला कळू देऊ नकोस." मग गुरुवारी उशीर झाला की तीच बाबांना सांगते की ओव्हरटाइम आहे. माझी आई माझ्यासाठी खोटं बोलते, ताई, आणि ते मला रोज टोचतं. तुम्हाला मुलींनी सांगावं असं वाटतं ना? मग ऐकल्यावर तुम्ही काय करणार, ते मुलींना आजच कळू द्या. त्या सांगतील.

झेडब्रिज_ते_कोर्ट
बोरिवलीतल्या एका सोसायटीने २०२१ मध्ये गेटसमोरच्या रस्त्यावर "नो किसिंग झोन" असं रंगवून घेतलं होतं. तेव्हा मी त्यांना मागासलेले म्हणालो होतो. नंतर माझ्याच मावशीच्या खिडकीखाली रोज तसंच सुरू झालं आणि तिला पडदे लावून बसावं लागलं. तेव्हा सोसायटीवाल्यांचा त्रास खोटा नव्हता, एवढं कबूल करतो. पण लोक तिथे का येतात हा प्रश्न रंगाने पुसला जात नाही. गच्ची कुलूपबंद, बाग सातला बंद, भाड्याने खोली मागितली तर घरमालक लग्नाचा दाखला मागतो. मला स्वतःला कोथरूडमध्ये एकट्याला खोली देताना मालकांनी अट घातली, मुलगी जिनाही चढणार नाही. माझी सख्खी बहीण नाशिकहून आली तेव्हा आधार कार्ड दाखवून वर आली.

निवृत्त_दादरकर
सगळं वाचलं. तिसऱ्या मजल्याच्या बाईंनी मंगळसूत्राचं लिहिलंय ते दोनदा वाचलं. आमच्या हिला घेऊन मीही चौपाटीवर जात असे, आम्हाला कधी कोणी हटकलं नाही, म्हणून असं होतं हे डोक्यात आलं नाही.

सगळे बाक राखीव नकोत. चौपाटीवर शिरतो तिथले पहिले दोन बाक आमच्यासाठी ठेवा, पुढे आम्हाला चालवतही नाही. "घरी बसून बोला" हे मागे घेतो. संस्कारांबद्दल जे लिहिलं ते मागे घेत नाही.

रंकाळा_पश्चिम
काका, आणि "पुढे बघा" म्हणणाऱ्या त्या पोराला आमच्याकडनं दोन शिव्या. म्हाताऱ्या माणसाला उभं ठेवणाऱ्याची बाजू मी घेत नाही.

भाडं_थकलंय
कोणाला थकलेल्या भाड्यासाठी कुठे तक्रार करतात ते माहीत असेल तर कृपया सांगा. नऊ महिने झाले.

मोरीजवळची_खिडकी
काका, पहिले दोन बाक तुमचे, मान्य. तिथे कोणी बसलेलं दिसलं तर मी स्वतः उठवीन. संस्कारांवर मात्र माझं तुमच्याशी भांडण संपलेलं नाही. रडणाऱ्या माणसाचा हात धरणं हाही संस्कारच आहे, आणि तो मला माझ्या आजीने त्याच एका खोलीत दिला.

भाडंवाले दादा, करार घेऊन झेडब्रिज यांना दाखवा, ते सांगतील.

आज गुरुवार आहे. सहा वाजले, निघते.