मॅजिक: अरीनावर खेळावं की हातात पत्ते घेऊन? (भावनिक न होता सांगा)

निळंबेट
मॅजिक द गॅदरिंग खेळणारे, खेळून सोडलेले आणि नुसतेच पत्ते जमवणारे, सगळ्यांसाठी धागा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, १९९३ साली रिचर्ड गारफिल्ड नावाच्या अमेरिकन गणितवाल्याने काढलेला पत्त्यांचा खेळ आहे. आपला किमान ६० पत्त्यांचा डेक आपणच बांधून आणायचा, बेसिक लँड (शक्ती देणारे साधे जमिनीचे पत्ते) सोडून एका नावाचे जास्तीत जास्त ४, लँड टॅप म्हणजे आडवे करून माना, म्हणजे ती शक्ती, काढायचा, त्यावर प्राणी नि मंत्र टाकायचे आणि समोरच्याचे आयुष्याचे गुण २० चे शून्य करायचे. पत्ते बंद पाकिटात येतात, आत काय निघेल ते फोडल्याशिवाय कळत नाही, सगळी मजा आणि सगळा खर्च तिथेच. २०१९ पासून ह्याचं अधिकृत ॲप पूर्ण सुरू आहे, अरीना, फुकट खेळता येतं.

माझं म्हणणं सरळ आहे. भारतात राहून कागदी मॅजिक खेळणं म्हणजे हौसेला मोल नाही ह्या खात्यातला खर्च. दुकानं मोजकी, तीही मोठ्या शहरात, चांगला डेक हवा तर सुटे पत्ते बाहेरून मागवा, मग पार्सल कस्टम्समध्ये अडकलं की रोज ट्रॅकिंग बघत बसा. अरीनावर रोजचं एक काम पूर्ण केलं की ५०० किंवा ७५० गोल्ड मिळतं, १००० ला एक पाकीट, आणि वाइल्डकार्ड जमली की पाहिजे तो पत्ता घ्या. नियमांवरून भांडण नाही कारण नियम मशीन बघतं.

"हातात पत्ता धरायची मजाच वेगळी" हे जे कौतुक चालतं ते मला बरंचसं खर्च होऊन गेलेल्या पैशाचं समर्थन वाटतं. पटत नसेल तर जरूर खोडून काढा, फक्त वास, स्पर्श आणि बालपण हे तीन शब्द न वापरता.

उतारी_मास्तर
चालेल, तीनही शब्द वापरत नाही. तुम्ही अरीनावर जो एका डावाचा सामना खेळता ना, बेस्ट ऑफ वन, त्यात सुरुवातीचे ७ पत्ते पूर्ण नशिबाने येत नाहीत हे माहितीये का? अरीना मागच्या मागे एकापेक्षा जास्त हात काढते आणि डेकमधल्या लँडच्या प्रमाणाला जवळचा जो असेल तो तुमच्या हातात देते. कंपनीने हे लपवलेलं नाही, उघड सांगितलंय. परिणाम काय, लोक बिनधास्त लँड कमी करतात, जिंकतात, आणि तोच डेक घेऊन टेबलावर बसले की दोन लँडवर अडकून हात चोळत बसतात. तुमचं मशीन नुसते नियम बघत नाही, थोडं नशीबही बघतं.

दुसरं, ब्लफ. समोरच्याने मंत्र टाकला, माझ्याकडे तो रोखायला काहीच नाही, पण मी दोन बेटं (म्हणजे लँड) न वापरता उघडी ठेवून कपाळाला आठ्या घालून पाच सेकंद विचार केला तर तो बिचकतो. अरीनावर तुमच्याकडे काही करण्यासारखं नसेल तर ती आपोआप पुढे जाते आणि असेल तरच थांबते, म्हणजे नुसत्या थांबण्यावरून समोरच्याला कळतं की ह्याच्याकडे काहीतरी आहे. अर्धा खेळ तिथे उघडा पडला.

निळंबेट
मास्तर, मुद्दे चांगले आहेत पण अर्धेच. तीन डावांचा सामना निवडला की तो हात निवडायचा प्रकार नसतो, खरा नशिबाचा हात येतो, सोबत १५ पत्त्यांचा साइडबोर्डही (डावांच्या मध्ये अदलाबदल करायचे राखीव पत्ते) मिळतो. आणि फुल कंट्रोल नावाची सेटिंग चालू केली की प्रत्येक ठिकाणी थांबता येतं, करा की तिथे ब्लफ, कोण नाही म्हणतंय.

पण आता टेबलावरच्या नशिबाचं बोलू. पत्ते नीट मिसळायला ५२ च्या गड्डीला सुमारे सात वेळा रिफल (दोन भाग करून एकमेकांत फरफरवून मिसळणं) करावं लागतं हे गणितवाल्यांनी १९९२ मध्ये दाखवून दिलंय, ६० च्या डेकला त्याहून कमी नक्कीच नाही. मला सांगा, कोण करतं? लोक डाव संपला की लँड, मंत्र, मंत्र, लँड असे ओळीने रचतात आणि वर दोनदा पिसल्यासारखं करतात. स्पर्धेत ह्याला चक्क चीटिंग म्हणतात, घरी "अरे सवय आहे" म्हणतात. अरीनाच्या नशिबाला नावं ठेवण्याआधी स्वतःचं पिसणं बघा.

उतारी_मास्तर
म्हणून तर समोरच्याने पिसायचं किंवा काटायचं असतं ना. रमीत सुद्धा काटल्याशिवाय आपण वाटू देत नाही. ही सोय खेळातच आहे, तुमच्या मित्रांना आळस आहे त्याला मी काय करू.

रात्रपाळी_सिस्टर
मी सांगली जिल्ह्यातली, हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. माझ्या ओळखीत हा खेळ माहीत असलेली एकही व्यक्ती नाही, माझा नवरा "तुझा तो राक्षसांचा गेम" म्हणतो. नाइट संपून घरी आले की झोप लागेपर्यंत दोन डाव टाकते, समोर कोण असतं मला माहीत नाही आणि माहीत करून घ्यायचंही नाहीये. तिथे बोलता येत नाही, फक्त ठरलेली पाच-सहा वाक्यं पाठवता येतात, तीही म्यूट करता येतात. तुम्हाला हे कोरडं वाटत असेल, मला उलट हेच बरं वाटतं. पुण्यात असताना एकदा चुलतभावाबरोबर मॅजिक खेळतात अशा ठिकाणी गेले होते, तिथे सगळे दादा लोक, प्रत्येकजण न विचारता माझ्या हातात डोकावून "ताई हा नको तो टाक" सांगत होता. अरीनावर मी हरते ती माझ्या अकलेने हरते.

पार्सिपनीकर
ताईंचा मुद्दा शंभर टक्के मान्य, काही दुकानांत खरंच तसं वातावरण असतं, इथेही असतं.

मी न्यू जर्सीत, त्यामुळे शुक्रवारी संध्याकाळी फ्रायडे नाइट मॅजिकला (दुकानांत भरणारे शुक्रवारचे सामने) दुकान गाठणं मला सोपं, हे आधीच कबूल करतो म्हणजे कोणी "तुम्हाला काय हो" म्हणायला नको. पण मला मालकीवर बोलायचंय. एल्डर स्क्रोल्स लेजेंड्स नावाचा असाच डिजिटल पत्त्यांचा खेळ होता, जानेवारी २०२५ मध्ये सर्व्हर बंद, लोकांनी पैसे देऊन घेतलेले पत्ते गेले, संपलं. अरीना उद्याच बंद होईल असं म्हणत नाही, पण तुमच्याकडे तिथे आहे काय? ना विकता येत ना मित्राला देता येत. माझा मुलगा दुकानात पत्त्यांची देवाणघेवाण करतो, आधी लुटला गेला, आता पोरगं असं घासाघीस करतं की मंडईत पाठवावं.

आणि अल्केमी विसरलात का? डिसेंबर २०२१ मध्ये अरीनावर हा नवा प्रकार आणला ज्यात पत्त्यांचा मजकूरच नंतर बदलतात, जड झाला तर कमजोर करतात. तुम्ही वाइल्डकार्ड खर्चून घेतलेला पत्ता, एक दिवस ॲप उघडलं तर त्याची किंमत एक माना वाढलेली. वाइल्डकार्ड परत? नाही. लोकांनी तेव्हा केवढी बोंब मारली होती. माझ्या कपाटातल्या पत्त्यावर छापलंय ते छापलंय.

निळंबेट
छापलंय ते छापलंय, पण तो खेळू देतील ह्याची काय गॅरंटी? २३ सप्टेंबर २०२४, कमांडरमध्ये (सहसा चौघांनी खेळायचा मॅजिकचा प्रकार) माना क्रिप्ट आणि ज्वेल्ड लोटसवर बंदी आली. हे काही दहा रुपयांचे पत्ते नव्हते, लोकांनी शेकडो डॉलर घालून घेतलेले, रातोरात भाव कोसळला. कमांडरचे नियम ठरवणाऱ्या कमिटीतल्या लोकांना इतक्या धमक्या आल्या की आठवड्याभरात त्यांनी तो फॉरमॅटच कंपनीच्या हवाली केला. कागदवाल्याला कुणी पैसे परत दिले? अरीनावर स्टँडर्डमधला (अलीकडच्या सेटचेच पत्ते चालणारा प्रकार) पत्ता बॅन झाला की साधारणपणे बदल्यात वाइल्डकार्ड तरी मिळतं. अल्केमीचा घोळ मान्य, पण अल्केमी खेळायलाच पाहिजे असं नाही, मी खेळत नाही.

जुना_मोडो
तुम्ही सगळे ऑनलाइन म्हणजे अरीनाच धरून चाललाय. मॅजिक ऑनलाइन २००२ पासून आहे, दिसायला सरकारी वेबसाइटसारखं, पण तिथे पत्ते विकता येतात, बदलता येतात, चौघांचं कमांडर खेळता येतं जे अरीनावर आजही नाही (तिथे त्याचा भाऊबंद ब्रॉल आहे, तेही दोघांचंच). आणि कित्येक सेटसाठी पूर्ण डिजिटल सेट जमवून फी भरली की तोच कागदी सेट मागवायची सोय त्यांनी दिली होती. म्हणजे डिजिटलमध्ये मालकी देता येत नाही असं काही नाही, अरीनात द्यायची नाही असं ठरवलंय. हा फरक लक्षात घ्या, मग भांडा.

चाळीतला_पिकाचू
आमच्या पोकेमॉनमध्ये तर उलटं झालं. जुन्या पोकेमॉन टीसीजी ऑनलाइनवर लोकांशी पत्ते बदलता यायचे, लोक न फोडलेली पाकिटं चलनासारखी वापरायचे. ते जून २०२३ मध्ये बंद केलं आणि त्या जागी जे लाइव्ह आणलं त्यात अदलाबदलच नाही. मग पॉकेट आलं, जानेवारी २०२५ मध्ये त्यात ट्रेडिंग चालू केलं तर तेव्हा त्यासाठी टोकन लागायचं, आणि टोकन पाहिजे तर स्वतःचे भारी पत्ते मोडायला लागायचे (ते टोकन २०२५ मध्येच काढून टाकलं). दोस्ताला पत्ता द्यायला आधी आपला जाळायचा, काय डोकं होतं.

कोकणी_गॉब्लिन
कागदवाल्यांनी पावसाळ्यावर पण बोलावं. मी चिपळूणचा. चकाकणारा फॉइल पत्ता असतो ना, त्यातला कागद ओल खातो आणि वरचा थर खात नाही, जूनमध्ये पाकिटातून काढला की जुलैपर्यंत त्याची कमान. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकतो तरी. आणि स्पर्धेत असा वाकलेला पत्ता चालत नाही कारण गड्डीत बघूनच कळतं कुठला ते. फॉइल निघालं की लोक नाचतात, मी आधी विकायला काढतो.

तरीपण मी कागदवालाच आहे. आणि धागाकर्त्याचा खर्चाचा मुद्दा मला पटतच नाही कारण आम्ही खर्च करतच नाही. प्रॉक्सी! प्रिंटआउट काढायचा, बेसिक लँडवर ठेवून स्लीव्हमध्ये सरकवायचा, झाला पत्ता. अधिकृत स्पर्धेत चालत नाही, पण घरच्या डावाला कोण बघतंय, कंपनीनेही सांगितलंय की खासगीत आपापसात वापरायला, विकायचे नसतील तर, त्यांची हरकत नाही. अरीनावर आहे का हा मार्ग? नाही. तिथे एकतर घासत बसा नाहीतर जेम्स विकत घ्या.

निळंबेट
ह्याला मी मॅजिक खेळणं म्हणतच नाही हो. आपल्याकडे आहे त्यातून डेक बांधायचा हाच खेळाचा गाभा. सगळ्यांकडे सगळे पत्ते असतील तर पाकीट फोडायचं कशाला? आणि मग "माझ्या मालकीचे पत्ते" हा पार्सिपनीकरांचा मुद्दा कुठे गेला? कागदवाल्यांनी आधी आपापसात ठरवा की पत्ता ही संपत्ती आहे की झेरॉक्स.

पार्सिपनीकर
झेरॉक्स तर कंपनीनेच विकली की. २०२२ मध्ये तिसाव्या वाढदिवसाच्या नावाखाली जुन्या पत्त्यांची चार पाकिटं ९९९ डॉलरला काढली, मागची बाजू वेगळी छापलेली, स्पर्धेत चालणार नाहीत. त्यापेक्षा चिपळूणचा प्रिंटर बरा. मी विकत घेतो ते मला बदलाबदलीची मजा येते म्हणून, दुसऱ्याने प्रिंट काढून माझ्यासमोर बसावं, मला काही त्रास नाही.

सावंतवाडीची_लेक
मॅजिक खेळत नाही, पण मालकीवरून राहवलं नाही म्हणून लिहितेय. आमच्याकडे गंजिफा आहे, गोल, हाताने रंगवलेली, दशावताराच्या संचात १२० पानं, दहा रंग, प्रत्येकी बारा. लोक येतात, कौतुकाने विकत घेतात, शोकेसमध्ये लावतात. खेळायला येतं असं माणूस शोधून दाखवा. पानं आहेत, मालकी आहे, डाव नाही. त्यामुळे कपाटात पत्ते आहेत म्हणजे खेळ सुरक्षित आहे हे मला तरी पटत नाही, माणसं ज्या गोष्टीवर रोज खेळतील तिथे खेळ राहील, मग तो मोबाइल का असेना.

उतारी_मास्तर
ताई, जबरदस्त मुद्दा, पण मी उलट वाचतो. गंजिफाचा संच समोर ठेवून, नियम कुठेतरी लिहिलेले मिळाले तर चार जण उद्या खेळायला बसू शकतात, कोणाची परवानगी लागत नाही. सर्व्हर बंद झालेल्या खेळाचं तसं करता येत नाही. झोपलेला आणि मेलेला ह्यात फरक आहे.

सावंतवाडीची_लेक
फरक आहे, पण झोपून किती पिढ्या झाल्या तेही बघा की.

कोकणी_गॉब्लिन
निळंबेट, तुमच्या गाभ्याबद्दल. माना क्रिप्टवर बंदी आली तेव्हा आमच्या चौघांत पाच मिनिटं चर्चा झाली, दोघं म्हणाले काढूया, एक म्हणाला राहू दे, शेवटी ठरलं की ज्याच्या डेकमध्ये आहे त्याने सांगून बसायचं आणि बाकीच्यांनी त्यालाच आधी मारायचं. चालू आहे अजून. कमिटी, कंपनी, कुणाचा संबंध नाही. मला कागद म्हणून जे आवडतं ते हेच, नियम आमच्या हातात असतात, चुकीचे असले तरी. तुमचं मशीन नियम चोख बघतं पण त्याला "ह्या वेळी सोड रे, नवीन आहे तो, परत घेऊ दे" म्हणता येत नाही.

निळंबेट
आणि प्रॉक्सी चालते म्हटल्यावर चौघंही ब्लॅक लोटस (खेळातला सगळ्यात जबरदस्त पत्त्यांपैकी एक) घेऊन बसले तर?

कोकणी_गॉब्लिन
बसलो होतो की. पहिला डाव अर्ध्यात संपला, सगळ्यांनी एकमेकांना शिव्या दिल्या, दुसऱ्या डावापासून नियम झाला, लोटस नाही. कुणी लिहून पण ठेवला नाही.

रात्रपाळी_सिस्टर
हे ऐकायला छान आहे, पण तुम्हाला चौघं मिळाले. मला सकाळी सात वाजता कोण भेटणार? तुमच्या सगळ्या मुद्द्यांत ती बाकीची तीन माणसं गृहीत धरलेली आहेत.

निळंबेट
सिस्टर तेच म्हणताहेत जे मी धाग्यात म्हणायला हवं होतं, मी उगाच पैशावर बोलत बसलो. गॉब्लिनभाऊ, "परत घेऊ दे" अरीनावर म्हणता येत नाही हे मान्य, ते जमेला धरा. पण आधी प्रत्येक तालुक्याला तुमच्यासारखी तीन माणसं पुरवा, मग मी फोनमधून ॲप काढून टाकतो.